शार्क दाखवणारी मुलगी

माझी मुलगी लोकांना शार्क दाखवायची नोकरी करते, हे गावात तोंडाने सांगायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी "मालदीवला असते, हॉटेलात," एवढंच म्हणायचो. हॉटेल म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत. शार्क म्हटलं की विचारतात, आणि विचारून झालं की मुलीचं सोडून माझ्याच डोक्याची काळजी करायला लागतात.

राहात्याजवळच्या एका हायस्कूलात मी तीस वर्षं पी.टी. शिकवली. त्यामुळे आवाज मोठा, राग नाकावर, आणि समोरचा माणूस रांगेत उभा नसला की मला अजूनही बेचैन होतं. आमची थोडी पेरूची बाग आहे आणि बागेत विहीर आहे. त्या विहिरीत निम्म्या गावाला मी पोहायला शिकवलं, असं मी सांगतो. बायको म्हणते, शिकवलं कसलं, निम्म्या गावाला ढकललं.

तिचंही खोटं नाही. आमच्याकडे शिकवायची पद्धतच ती. पाठीला रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधायचा, कमरेला दोर, आणि काठावरून द्यायचं ढकलून. पोर बुडतं, पाणी पितं, वर येतं, रडतं. आठ दिवसांत कॅन सुटतो. पण त्याला मी पोहणं म्हणत नसे. बुडी मारून विहिरीच्या तळाची माती मुठीत आणून दाखवली की मग म्हणायचो, हां, आता आलं पोहायला. त्यासाठी नियम एकच होता. तोंड गच्च मिटायचं, दम कोंडायचा, आणि डोक्यावर उजेड फुटेपर्यंत सोडायचा नाही. मधेच कुणी बुडबुडे सोडले की मी काठावरून असा ओरडायचो की शेजारच्या मळ्यातली माणसं काम थांबवून बघायची. मी स्वतः पन्नाशीपर्यंत त्या तळाला जाऊन येत होतो.

मुलीने नवव्या वर्षी माती आणली. मी तिला खांद्यावर बसवून घरी आणलं आणि वाटेत भेटेल त्याला तिची मूठ उघडून दाखवली. तिची आई दारातच म्हणाली, "आवो, पोरगी हाय ती, मासा न्हाई."

पुढे ती पुण्याला कॉम्प्युटर शिकली, नोकरीला लागली. एकदा मैत्रिणींबरोबर अंदमानला चार दिवस जाऊन आली, आणि आल्यावर जेवताना मला म्हणाली, "पप्पा, पाण्याखाली श्वास घेता येतो." मला वाटलं थट्टा करते आहे. वर्षभरात तिने नोकरी सोडली, डायव्हिंगचे सगळे कोर्स केले, आणि मालदीवच्या एका छोट्या बेटावर लोकांना पाण्याखाली नेणारी शिक्षिका म्हणून रुजू झाली. त्या बेटापासून जवळच समुद्रात प्रवाळाचा कडा आहे आणि त्या कड्याशी शार्क जमतात. तेवढं बघायला जगभरातून माणसं येतात, आणि त्यांना सांभाळून खाली नेऊन सांभाळून वर आणणं हे आमच्या मुलीचं काम.

मी दर रविवारी फोन करायचो आणि "चल घरी" म्हणायचो. कारणं बदलत राहिली. आधी शार्क हे कारण होतं. मग तिचं वय झालं, मग आईचं बीपी झालं, मग लोक काय म्हणतात ते झालं. खरं कारण एवढंच होतं की मला भीती वाटायची. विहिरीत ती बुडी मारायची तेव्हा मी काठावर उभा असायचो. या पाण्याला माझ्यासाठी काठच नव्हता, आणि घरात बसून काळजी करणं मला कधी जमलेलं नाही.

शेवटी एका रविवारी ती वैतागली. म्हणाली, "पप्पा, तुम्ही एकदा इकडे या. माझ्याबरोबर खाली उतरा. मी काय करते ते डोळ्यांनी बघा. त्यानंतरही तुम्ही 'चल' म्हणालात, तर मी बॅग भरून तुमच्याबरोबर घरी येईन. एक शब्द बोलणार नाही."

"नक्की?"

"नक्की. पण बघितल्याशिवाय म्हणायचं नाही."

मी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, आणतो तिला. नुसतं बघून परत यायचा प्रश्नच नव्हता, तिला घेऊनच यायचं हे मनात ठरलेलं होतं. सौदा म्हणजे सौदा. बायकोने शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ बांधून दिलं. शेजारचा पेरूवाला म्हणाला, "सर, शार्क आला तर शिट्टी मारा, लायनीत उभा ऱ्हाईल." मीही हसलो. मला कुठे माहीत होतं?

बेटावर पहिल्या सकाळी तिने मला कमरेएवढ्या निवळ पाण्यात नेलं. अंगात जाकीट, पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर नाक झाकणारा मास्क, आणि टाकीतली हवा तोंडात आणणारं रबरी तोंड असलेलं यंत्र, त्याला रेग्युलेटर म्हणतात. गुडघ्यावर बसून डोकं पाण्याखाली घ्यायचं आणि श्वास घेत राहायचं. मग मास्कमध्ये मुद्दाम पाणी शिरू द्यायचं आणि नाकाने फुंकून ते बाहेर काढायचं. पुन्हा शिरू द्यायचं, पुन्हा काढायचं. अशा दोन सकाळी. त्यांच्याकडे तो नियमच होता, दोन सकाळी झाल्याशिवाय कुणालाही कड्यावर न्यायचं नाही.

"आणि पप्पा, सगळ्यात महत्त्वाचं. काहीही झालं तरी दम कोंडायचा नाही. खाली भरून घेतलेली हवा वर येताना फुगते. माळशेज घाटात वेफर्सचं पाकीट कसं टम्म होतं? तसं छातीत होतं. श्वास चालू ठेवायचा. भीती वाटली तरी, नाकात पाणी गेलं तरी."

"अगं, मला शिकवतेस?" मी म्हणालो.

"हो," ती हसून म्हणाली. "आज मी शिकवते."

शेजारी एक परदेशी बाई होती. तिला मास्कमधलं पाणी काढायला जमत नव्हतं. दर वेळी ती घाबरून उभी राहायची आणि माझी मुलगी तिला दर वेळी तितक्याच शांतपणे पुन्हा खाली बसवायची. मी मोजलं, अकरा वेळा. बाई शेवटी रडकुंडीला आली, म्हणाली पुरे आता, उद्या समुद्रात बघू. मुलीने मान हलवली. नाही म्हणजे नाही. माझ्या मुलीला असं ठाम 'नाही' म्हणता येतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला भारी वाटलं.

मग माझी पाळी आली. मी एकदा मास्कमध्ये पाणी घेतलं, निम्मंअर्धं बाहेर काढलं, डोळे चोळत उभा राहिलो आणि म्हणालो, "झालं. आता हे गुडघाभर पाण्यातलं बास कर. उद्या खरं पाणी दाखव."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या बाईला अकरा वेळा बसवणारी मुलगी मला दुसऱ्यांदा बसा म्हणू शकली नाही. आमच्या घरात मला 'तुम्हाला येत नाही' असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. बायकोने म्हटलं नाही, धाकट्या भावांनी म्हटलं नाही, आणि लेकीने बापाला म्हणायची तर आमच्याकडे रीतच नाही. त्यातून पोहण्याच्या बाबतीत! तिने पाण्यात बोटं फिरवली आणि म्हणाली, "बरं. उद्या जाऊ."

ते 'बरं' मी जिंकल्यासारखं ऐकलं. आज ते आठवलं की स्वतःवरच ओरडावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी बोटीच्या काठावर पाठमोरं बसून आम्ही मागे झोकून दिलं आणि दोराला धरून हळूहळू खाली उतरलो. नाक दाबून कान मोकळे करायला तिने मला दर हातभरावर थांबवलं. खाली आवाज एकच, माझ्या स्वतःच्या श्वासाचा. आत घेताना सूं, सोडताना बुडबुड. दहा मीटरवर कड्याची कपार आली. तिने मला एका मेलेल्या प्रवाळाच्या दगडाला धरून बसवलं आणि समोर बोट केलं.

आधी काही दिसलं नाही. नुसती निळाई होती. मग त्यातून एक आला, त्याच्यामागून दोन आले, मग मी मोजायचं सोडून दिलं. राखाडी अंग, शेपटीची कड काळी, माणसाएवढे लांब. सिनेमात दाखवतात तसं कुणाच्या अंगावर धावून जाणं वगैरे काही नाही. दिवेलागणीला चरून परतणारी गुरं जशी कुणाकडे न बघता आपल्या वाटेने जातात, तसे ते चालले होते. वळून परत यायचे, परत जायचे. मला भीती वाटली नाही म्हटलं तर ते खोटं होईल. पण भीतीपेक्षा आश्चर्य मोठं होतं.

मग मी मुलीकडे पाहिलं. ती शार्ककडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. माझे डोळे, माझे बुडबुडे, माझ्या टाकीतल्या हवेचा काटा, पुन्हा डोळे. एक शार्क वळताना आमच्या फारच जवळ आला. मी दगड सोडणार तोच ती जराही घाई न करता त्याच्या आणि माझ्या मधे सरकली आणि उघडा तळवा माझ्या छातीसमोर धरला. थांबा. मी थांबलो. शार्क गेला. तीस वर्षं मी मैदानावर 'स्तब्ध' म्हणून घसा फोडला, तरी मागची रांग चुळबुळ करायचीच. तिने आवाजाशिवाय मला स्तब्ध केलं.

त्या क्षणी माझं ठरलं. तिला घरी न्यायचं नाही. हे काम माझ्या मुलीचं आहे आणि ते तिला माझ्या कुठल्याही कामापेक्षा चांगलं येतं, हे मला अगदी स्वच्छ दिसलं. बोलायची सोय नव्हती, नाहीतर तिथेच सांगितलं असतं. म्हटलं, वर गेल्या गेल्या सांगू. राहा म्हणू. शाब्बास म्हणू, जे मी नऊ वर्षांच्या मुलीला म्हटलं होतं आणि नंतर कधी म्हटलं नव्हतं.

तिने वर जायची खूण केली. आम्ही निघालो. मला इतका आनंद झाला होता की मी हसलो. पाण्याखाली, मास्क लावून, तोंडात रेग्युलेटर धरून, गाल वर करून चांगला हसलो. हसल्याने मास्कची कड गालावरून सुटते, हे दुसऱ्या सकाळी शिकवतात. खारं पाणी आत आलं, डोळ्यांत गेलं, नाकात गेलं.

त्यापुढे मी काही केलं नाही. जे केलं ते शरीराने केलं. नाकात पाणी गेलं की काय करायचं हे माझ्या शरीराला पन्नास वर्षं पक्कं ठाऊक होतं. ओठ गच्च मिटले. छाती भरलेली होती, ती तशीच कोंडली. मान वर झाली, डोक्यावर उजेड दिसला, आणि मी पाय मारले. विहिरीत हे सगळं बरोबर असतं. तिथे हे केलं की माणूस जगतो.

दोन्ही पोटऱ्यांना कुणीतरी धरून खाली ओढल्याचं मला कळलं. मी लाथा मारल्या. मास्क पाण्याने भरलेला, काही दिसत नव्हतं. मग माझ्या पोटात ठोसा बसला. मी तोंड सोडलं नाही. दुसरा ठोसा बसला, पहिल्यापेक्षा जोरात, बरगड्यांच्या खाली. तोंड उघडलं आणि छातीतली हवा भसकन बाहेर गेली. लगेच कुणीतरी रेग्युलेटर दातांत घट्ट दाबून धरला, त्यातून हवेचा झोत आला, आणि मी श्वास घेतला. तिने मला कवेत धरून, एकेक श्वास मोजायला लावत, वर आणलं.

बोटीवर थुंकलो तर थुंकी गुलाबी होती. तिने मला आडवं केलं, ऑक्सिजन लावला, घड्याळ बघून वेळ लिहिली, बोटवाल्याला वेग वाढवायला सांगितलं. मी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणालो, "तू इथंच राहा. मी बघितलं."

"पप्पा, बोलू नका," ती म्हणाली आणि मास्क परत बसवला.

दवाखान्यात एक्स-रे निघाला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात, आणखी चार-पाच मीटर तसेच गेला असतात तर सांगता आलं नसतं. दोन दिवस ठेवून घेतलं आणि आयुष्यात पुन्हा टाकी बांधायची नाही म्हणून सांगितलं. मुलगी माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसून होती. ओले केस वाळून मिठाने ताठ झाले होते. ती स्वतःच्या उजव्या मुठीकडे बघत होती.

"मी तुम्हाला मारलं, पप्पा."

"बरं केलंस. तुझ्या आईला किती वर्षांपासून मला मारायचंय."

ती हसली नाही. आमच्या घरात माझ्या असल्या विनोदाला कुणी न हसता राहत नाही.

संध्याकाळी ती कागद घेऊन बसली. काही घडलं तर तिथे लेखी द्यावं लागतं. मी म्हणालो, "लिही, वय झालं, अचानक तब्येत बिघडली. मी सही करतो. तुझ्यावर काही येणार नाही." पी.टी. मास्तराने आयुष्यभर आजारपणाच्या खोट्या चिठ्ठ्या पकडल्या, आणि आता मीच एक लिहायला सांगत होतो. तिने मान हलवली, त्या बाईला हलवली होती तशीच. मग लिहून झाल्यावर मला मराठीत वाचून दाखवलं. विद्यार्थी माझे वडील होते. त्यांचं शिक्षण पूर्ण झालं नव्हतं. ते मला माहीत होतं. तरीही मी त्यांना खाली नेलं.

"अगं पण मीच म्हणालो ना चल म्हणून?"

"म्हणणारे रोज म्हणतात, पप्पा. मी ऐकायचं नसतं."

मी पुन्हा सांगितलं की मी पाण्याखालीच ठरवलं होतं, तुला न्यायचं नाही. हसलो ते त्याच आनंदात. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर ते कुठे पोचत नव्हतं. म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलू नका आता." माझी एवढी एकच गोष्ट खरी होती, आणि ती बोलायची वेळ मी स्वतःच घालवून बसलो होतो. रडावंसं वाटलं. रडलोही, ती औषध आणायला गेली तेव्हा.

मला सोडायला म्हणून ती राहात्याला आली. आईला काही सांगू नका, म्हणाली. आम्ही सांगितलं की मला तिकडे जरा छातीचा त्रास झाला. बायकोने लेकीच्या मोठ्या बॅगेकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आणली की वो तुमी! मला वाटलं हुतं हात हालवत येताल." तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मी बॅग उचलून आत नेऊन ठेवली. त्याला आता आठ महिने झाले. मुलगी परत गेलेली नाही.

ती पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरूनच कॉम्प्युटरवर करते. वेळेवर जेवते, आईला भाजी निवडून देते, श्रीरामपूरला जाऊन माझी औषधं आणते. कुणाला काही तक्रार नाही. पारावर लोक म्हणतात, "सर, लई भारी काम केलं. जिरली ना पोरीची हौस?" मी 'हां' म्हणतो. ज्या गोष्टीसाठी दोन वर्षं दर रविवारी आरडाओरडा केला ती मिळाली, म्हणून लोक अभिनंदन करतात, आणि ती परत कशी द्यायची ते मला कळत नाही.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. आधी सरळ म्हणालो, परत जा. ती म्हणाली, "तुम्हीच बोलवत होतात ना?" मग चिडून म्हणालो, एका चुकीने कुणी काम सोडतं का. तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, कुणालाही खाली न्यायचं म्हटलं की मला तुमचं मिटलेलं तोंड दिसतं. असं डोक्यात असताना दुसऱ्याचा जीव हातात घेऊ नये." हे इतकं बरोबर होतं की मला अजूनच राग आला, आणि तो काढायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मग चोरून तिथल्या मालकाला फोन केला. माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की चूक माझी होती, ती चांगली आहे, तिला घ्या. मालक सज्जन माणूस. म्हणाला, आम्ही तिला काढलंच नाही. तिची जागा तशीच ठेवली आहे. तीच म्हणते, नको. म्हणजे जाऊन कुणाशी भांडावं, तर तिकडेही कुणी नव्हतं.

उन्हाळ्यात एक दिवस तिला पेरू बघायला म्हणून मळ्यात नेलं. विहिरीच्या पायऱ्या उतरलो आणि कमरेएवढ्या पाण्यातल्या पायरीवर, कपड्यांसकट, गुडघ्यावर बसलो. वर बघून म्हणालो, "शिकव मला. पहिल्यापासून. चुकलो तर परत बसव. अकरा वेळा बसव. नाही म्हण मला."

ती वर उभी होती. दोन्ही हात कठड्यावर ठेवून तिने पाण्याकडे पाहिलं. मला वाटलं, येते. तिचा पाय खरंच पहिल्या पायरीवर आला होता. मग तिने तो मागे घेतला.

"वर या, पप्पा. ओल्या कपड्यांत सर्दी होईल."

मी वर आलो. घरी येईपर्यंत आम्ही पेरूला कळी किती लागली आहे त्याबद्दल बोललो.

मागच्या रविवारी कोपरगावहून पाहुणे आले. मुलगा साखर कारखान्यात इंजिनिअर, शांत, चांगला वाटला. मुलीला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, येऊ द्या. होही नाही, नकोही नाही. त्याची आई मोकळ्या स्वभावाची होती. बशी हातात घेऊन म्हणाली, "सरांचं पोहन्यात लई नाव ऐकलंय आमी. आमच्या भाच्याला यांनीच शिकिवलं. पोरीला येतं का न्हाई पोहाया?"

मुलगी माझ्या समोरच बसली होती.

"येतं थोडंफार," ती म्हणाली.

"बास की मग," त्या बाई हसल्या. "कुठं समुद्रात जायाचंय!"

सगळे हसले, बायकोही हसली. त्या दिवशी समुद्रात खरं काय घडलं ते माहीत असलेली त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. थोडंफार नाही, असं पाणी समजणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, मी आज इथे बसलोय तो तिच्यामुळे, एवढं सांगायचं होतं. वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, कुणाला दिसणार नाही अशी मान हलवली. नाही.

मी त्या बाईंकडे वळलो आणि म्हणालो, "चहा घ्या, गार होतोय."